विंडोज-उबंटू जोडायला गेलो आणि ८४,६०० रुपये गेले

लिहू का नको असं आठवडाभर चाललं होतं. पण परवा शेजारच्या वर्कशॉपमधल्या पोरानं मला विचारलं की काका, घरातनं कॉम्प्युटर चालवायला हेल्पलाइनचा नंबर कुठं मिळेल, आणि माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून सगळं लिहितोय.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं आणि दादाचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, कॉम्प्युटर तिथंच, विंडोज ११ वर. घरी कसबा बावड्यात पुतण्याचा जुना लॅपटॉप आहे, त्यात त्यानं उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम) टाकून ठेवलंय. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तासातासाला थेंब घालायचे, म्हणजे कुणीतरी घरात पाहिजेच आणि ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा जीएसटी रिटर्न, भरायचा. म्हटलं घरातनंच वर्कशॉपचा कॉम्प्युटर उघडला तर दोन्ही कामं होतील.

सेटिंगमध्ये जाऊन रिमोट डेस्कटॉप (लांबनं कॉम्प्युटर उघडायची विंडोजची सोय) चालू करायला गेलो तर तिथं आलं की तुमच्या होम एडिशनवर हे चालत नाही. मला वाटलं उबंटूमुळं अडतंय. खरं म्हणजे उबंटूचा काही संबंधच नव्हता, विंडोज होमवर बाहेरनं कुणालाच तसं आत येता येत नाही, त्याला प्रो लागतं. हे तेव्हा माहीत असतं तर पुढचं काही झालंच नसतं. मी काय केलं, विंडोज उबंटू रिमोट हेल्पलाइन नंबर असं सर्च केलं आणि सगळ्यात वर जो नंबर दिसला तो लावला.

पलीकडचा माणूस इतका नीट बोलत होता की काय सांगू. सर टेन्शन मत लीजिए, दस मिनट का काम है. लांबनं कॉम्प्युटर चालवायचं एक ॲप डाउनलोड करायला लावलं (ॲप खरंच होतं, त्याचा दोष नाही), उघडल्यावर स्क्रीनवर नऊ आकडी नंबर आला तो विचारला, मी सांगितला, ॲक्सेप्ट दाबा म्हणाला, दाबलं. बाण आपोआप फिरायला लागला तेव्हा मला उलट आनंद झाला, म्हटलं आता हा करतोय सगळं. मग म्हणाला दोन वेगळ्या सिस्टीम जोडायच्या तर १० रुपये रजिस्ट्रेशन आहे, नेटबँकिंगनं भरा. दहा रुपयांसाठी कोण विचार करतंय हो. मी लॉगिन केलं, पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्हच होता. तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. अपडेट चालू आहे, हात लावू नका, फोन पण ठेवू नका असं सांगून तो बोलतच राहिला, आईच्या डोळ्याचं सुद्धा विचारलं त्यानं. मध्ये फोनमध्ये टिंग टिंग वाजत होतं, पण फोन कानाला असल्यामुळं मला वाटलं कॉल वेटिंग असेल.

आता नीट वाचा. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, एक आकडा सुद्धा नाही. पण वर्कशॉपमध्ये हात ऑइलनं भरलेले असतात, सारखा फोन धरता येत नाही, म्हणून मी फोनचे मेसेज कॉम्प्युटरवरच ब्राउझरमध्ये उघडून ठेवायचो. ओटीपी त्याच्यासमोर त्याच स्क्रीनवर येत होते आणि ती स्क्रीन मला काळी दिसत होती.

स्क्रीन परत आली, फोन कट झाला. मेसेज बघितले तर एकदा ४९,९०० आणि एकदा ३४,७००. पोरांच्या पगाराचे पैसे होते ते.

दादा एक शब्द बोलला नाही, त्यानं थेट १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. तेवढ्यात केलं म्हणून ३४,७०० पुढच्या खात्यात अडकवता आले, अजून हातात आलेले नाहीत पण आहेत. ४९,९०० गेले ते गेलेच. बँकेनं आम्हाला रिझर्व बँकेचा २०१७ चा नियम दाखवला, ग्राहकाच्या हलगर्जीपणानं गेलेले पैसे असतील तर कळवायच्या आधीचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे एकेक मिनिट महत्त्वाचं, आधी १९३० आणि बँक, रडायचं नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बिलं लावत बसला होता आणि बाण आपोआप हलला. त्या माणसानं ॲपमध्ये कायमचा पासवर्ड टाकून ठेवला होता, म्हणजे आपण ॲक्सेप्ट न दाबता पण त्याला आत येता येत होतं, आणि आम्ही फोन कट झाला म्हणजे संपलं असं समजून बसलो होतो. दादानं लॅनची वायरच उपटली. मग ॲप काढलं, विंडोज नव्यानं टाकलं, सगळे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरनं बदलले.

आता जोडणी चालू आहे, ती कशी ते पण सांगतो. विंडोज प्रो घेतलं, रिमोट डेस्कटॉप चालू केला. उबंटूवर रेमिना म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात आरडीपी (म्हणजे हाच रिमोट डेस्कटॉप) निवडलं. पिन टाकून होत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, इथं आमचा अर्धा दिवस गेला. काही व्हिडिओत राउटरमध्ये ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं बाहेरनं आत यायचं दार) उघडा म्हणून सांगतात, ते अजिबात करू नका, त्या पोर्टवर बाहेरनं पासवर्ड मारून बघणारे कायम असतात. पुतण्यानं टेलस्केल (आपलेच कॉम्प्युटर आपसात खाजगी जोडणारं सॉफ्टवेअर) टाकून दिलं दोन्हीकडं, त्यामुळं बाहेर काही उघडावं लागलं नाही. घरातनं जोडलं की वर्कशॉपमधली स्क्रीन लॉक होते, ती तशीच होते, घाबरून कुणाला फोन लावू नका.

कुणाला करायचं असेल तर वर्कशॉपवर या, मी समोर बसून करून देतो. संध्याकाळी सातनंतर असतोच.