रत्नागिरीतला सकाळचा फुकट रनिंग ग्रुप: कसा आहे, आणि असे ग्रुप शोधायचे कुठे

बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय. मारुती मंदिरला शिवाजी स्टेडियमपाशी सकाळी जो पळण्या-व्यायामाचा ग्रुप जमतो त्याला फी नाही, फॉर्म नाही, कुणाची ओळखही लागत नाही, आणि तरी मी म्हणेन की पैसे भरून केलेल्या क्लासपेक्षा मला तिथे जास्त फायदा झाला. कारण विचाराल तर एकच, हा ग्रुप सगळ्यात मागे राहिलेल्या माणसाला सोडून पुढे जात नाही. बाकी सगळं, म्हणजे वॉर्मअप कसा घेतात, वेळ कशी पाळतात, ते सगळं याच्यानंतर.

आधी तो सापडला कसा ते सांगते, कारण खरी अडचण तिथेच आहे. मुंबई-पुण्यात नेटवर शोधलं की ढीगभर नावं येतात, मुंबई रोड रनर्सवाले महिन्याच्या पहिल्या रविवारी वांद्र्यापासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत पळतात हे घरबसल्या कळतं, शूजच्या मोठ्या कंपन्यांचे फुकट रनिंग ग्रुपसुद्धा तिकडे आहेत. आपल्याकडे नेटवर शोधलं की जिमच्या जाहिराती येतात आणि कुठल्यातरी जुन्या मॅरेथॉनचे फोटो. कोकणात असे ग्रुप नेटवर नसतात, ते जागेवर असतात. सकाळी सहाच्या आधी स्टेडियमवर जा, मांडवीच्या जेट्टीवर जा, भाट्याच्या सुरूच्या बनात जा, थिबा पॅलेसच्या बाजूला जा, आणि जो घोळका एकत्र हातपाय हलवताना दिसेल त्यातल्या कुणालाही विचारा. मी तर शूजच्या दुकानात विचारलं होतं. दुकानदाराला सगळं माहीत असतं, कोण पळतं, कुठे पळतं, कोण तीन महिन्यांत नवीन जोड घ्यायला येतं. हाफ मॅरेथॉन झाली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, त्यातल्या टी-शर्टवर ग्रुपचं नाव असतं, तोही एक मार्ग. योगासनं हवी असतील तर पतंजली योग समितीचे मोफत वर्ग बऱ्याच गावांत चालतात, आणि २१ जूनच्या योग दिनाला किंवा रथसप्तमीच्या सामूहिक सूर्यनमस्कारांना गेलात तर तिथे शिकवणारी माणसं वर्षभर कुठे वर्ग घेतात ते तिथल्या तिथे विचारता येतं. त्या दिवशी सतरंजी गुंडाळून लगेच घरी पळू नका, थांबा आणि विचारा.

आता ग्रुपबद्दल. सोमवार, बुधवार, शुक्रवार स्टेडियमवर व्यायाम असतो आणि रविवारी लांबचं पळणं. पावणेसहाची वेळ म्हणजे पावणेसहा, सहाला आलात तर वॉर्मअप संपलेला असतो. चालवणारे एक रिटायर्ड हायस्कूलचे शिक्षक आहेत, त्यांना सगळे सरच म्हणतात, आणि त्यांच्या जोडीला हॉस्पिटलात काम करणारी एक ताई आहे जी ड्यूटी नसेल तेव्हा येते. सर आल्या आल्या नवीन माणसाला बाजूला घेऊन बीपी आहे का, शुगर आहे का, गुडघा दुखतो का, कुठली गोळी चालू आहे का, हे विचारतात आणि लक्षात ठेवतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पैसे भरलेल्या क्लासात मला हे कुणीच विचारलं नव्हतं, तिथे फक्त फोन नंबर आणि 'पॅकेज कुठलं घेणार' एवढंच विचारलं होतं.

पळायला लागल्यावर ग्रुपचे आपोआप दोन-तीन तुकडे पडतात. कॉलेजची पोरं सुसाट पुढे जातात, जाऊ देत, पण भाट्याच्या पुलापाशी पोचली की ती उलट फिरून मागच्यांपर्यंत येतात आणि मग परत पुढे जातात, त्यामुळे त्यांचं अंतर वाढतं आणि मागचेही एकटे पडत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एक जण ठरलेला असतो, आळीपाळीने. त्याचं काम एकच, शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं. तो चालला तर आपण चालायचं, तो थांबला तर थांबायचं. मी सुरुवातीला दोन मिनिटं पळून चार मिनिटं चालायचे, तेव्हा मागच्या काकांनी एकदाही "चला चला" केलं नाही. "बोलता येतंय ना गो बाय? मग बरोबर चाललंय" एवढंच. ही बोलण्याची टेस्ट खरंच चांगली आहे, पळताना एक अख्खं वाक्य बोलता आलं तर वेग ठीक, शब्द तुटायला लागले तर कमी करायचा, त्याला घड्याळ लागत नाही.

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली आमच्या पार्करनमध्ये अगदी असंच असतं. तिकडे दर शनिवारी सकाळी पार्कात ५ किलोमीटर असतात, फुकट, एकदा नाव नोंदवून बारकोड घ्यायचा की झालं, आणि सगळं काम स्वयंसेवक करतात. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ जणांनी पळून ते सुरू झालं आणि आता ते कितीतरी देशांत आहे. त्यांच्याकडे 'टेल वॉकर' म्हणून एक स्वयंसेवक असतो जो मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहतो, म्हणजे पळायला आलेल्या कुणाचाच शेवटचा नंबर येत नाही. आमच्या सरांनी पार्करनचं नावही ऐकलेलं नव्हतं, शाळेच्या सहलीत रांगेच्या शेवटी एक शिक्षक ठेवायची सवय, तीच इथे आणली म्हणे. मला दोन्ही ऐकून बरं वाटलं.

रविवारचं पळणं हा या ग्रुपचा सगळ्यात भारी भाग. मारुती मंदिरापासून खाली उतरत भाट्याच्या पुलावर, पूल ओलांडून किनाऱ्यावर, आणि वाळूतून झरी विनायकाच्या दिशेने. जाताना उतार आहे म्हणून सगळ्यांना जोर येतो, परत येताना चढ, आणि कोकणात चढ कुठे चुकतोय. नवीन लोकांना सर भाट्यावरूनच रिक्षाने किंवा कुणाच्या तरी गाडीवर परत पाठवतात, चढ पुढच्या महिन्यात. वाळूत पळायचं की रस्त्याने हे कसं ठरवतात ते मला इथे आल्यावर कळलं आणि मी पार खूष झाले. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती, पाणी वर आलेलं, पळायला उरते ती मऊ वाळू, पाय रुततात, पोटऱ्या भरून येतात. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पाचच्या सुमाराला, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे गेलेलं असतं आणि ओली घट्ट वाळू मिळते, ट्रॅकसारखी. त्याच्यानंतरचे दोन-तीन दिवसही सकाळ चांगली मिळते. हा हिशोब मच्छीमारांच्या घरात पोराटोरांना येतो, आमच्या ग्रुपमध्ये मिरकरवाड्यातले एक काका आहेत, शनिवारी रात्री त्यांचा मेसेज येतो, 'उद्या वाळू' नाहीतर 'उद्या रस्ता'. फुकटातल्या ग्रुपला अजून काय पाहिजे सांगा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, किनारा समुद्राकडे उतरता असतो, एकाच दिशेने पळत राहिलं तर एक पाय सतत खाली पडतो आणि गुडघ्याला आणि कमरेला त्रास होतो, म्हणून जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यातून परत या.

उकाड्याबद्दल सांगायलाच हवं. पुण्याहून आलेले पाहुणे कधीतरी आमच्याबरोबर पळतात आणि पहिल्या दोन किलोमीटरमध्येच बसतात, त्यांना वाटतं आपला दमच गेला. दम नाही गेलेला, इथे हवेतच इतकं पाणी असतं की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये वेग कमी ठेवायचा, साडेसहाच्या आत आटपायचं. आमच्याकडे परत आल्यावर मीठ घातलेलं कोकम सरबत असतं, आळीपाळीने एकेका घरून, बाटलीबंद काही नाही.

पावसात काय? जून ते सप्टेंबर पळणं जवळजवळ बंद असतं आणि मला वाटतं तेच बरोबर आहे. रस्त्यांवर शेवाळ, खड्डे पाण्याने भरलेले, पायाला जखम असेल आणि साचलेल्या पाण्यातून गेलात तर लेप्टोची भीती, आपल्याकडे हे सगळ्यांना माहीतच आहे. त्या दिवसांत एका देवळाच्या सभामंडपात सूर्यनमस्कार आणि साधे व्यायाम चालतात. ट्रस्टींनी जागा फुकट दिलीय, झाडून काढायची एवढीच अट. मला हे चार महिने उलट जास्त आवडले, कारण सर एकेका स्थितीवर थांबतात, गुडघा कुठे, टाच कुठे, श्वास कधी घ्यायचा, घाई नाही. एकशे आठ घालायचा हट्ट नाही. बारा घाला पण नीट घाला असं त्यांचं असतं.

आता जे आवडलं नाही ते. बायका कमी आहेत, आणि ज्या येतात त्या थंडीत अंधारामुळे गळतात, पावणेसहाला डिसेंबरात चांगला काळोख असतो. दोन-तीन जणींनी एकत्र यायचं ठरवलं तर जमतं, पण हे ग्रुपने स्वतःहून जुळवून द्यायला हवं, कोण कुठल्या बाजूने येते याची साधी यादी केली तरी पुरे. दुसरं, स्टेडियमवरचा व्यायाम सगळ्यांना एकच असतो. विशीतला पोरगा आणि साठीतल्या वहिनी दोघांना एकाच मापाच्या बैठका, हे मला पटत नाही, सर विचारपूस करतात पण पुढे त्याप्रमाणे बदल मात्र कमी होतो. तिसरं, फर्स्ट एड. एखाद्याचा पाय मुरगळला तर बर्फ कुणाकडे, चक्कर आली तर कुणाला फोन करायचा, हे ठरलेलं नाही, हॉस्पिटलवाली ताई असेल तर ठीक, नसेल तर नाही. हे मी सरांशी बोललेय आणि परत बोलणार आहे. स्वच्छतागृहाची सोय तर विचारूच नका, घरून आटपून निघा.

आणि एक सावधगिरीचं, कारण 'फुकट' म्हणून जे जे दिसतं ते फुकट नसतं. एका ठिकाणी फुकट झुम्बा म्हणून मी गेले होते, गाणी छान, शिकवणारी मुलगी छान, पण संपल्यावर एका मशीनवर उभं केलं आणि तुमचं शरीराचं वय अमुक आहे म्हणून घाबरवलं आणि मग पावडरचा डबा पुढे आला. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवसापासून फोन. ती मशीनं शरीरातून बारीकसा करंट सोडून अंदाज काढतात, पाणी किती प्यायलात, जेवून आलात का, यावर आकडा बदलतो, त्यावरून घाबरायचं काही कारण नाही. माझ्या शेजारच्या वहिनींनी त्यात बरेच पैसे घातले आणि वाईट वाटतं ते याचं की नाचायला त्यांना खरोखर आवडत होतं. खरा फुकट ग्रुप ओळखायचा असेल तर व्यायाम संपल्यावर पुढची पंधरा मिनिटं काय होतं ते बघा. आमच्याकडे संपल्यावर लोक चपला शोधतात आणि कामाला जातात. मागे टी-शर्ट छापले होते तेसुद्धा ज्याला हवा त्याने पैसे देऊन घेतले, अर्ध्यांनी घेतले नाहीत, कुणी काही म्हटलं नाही.

वजन किती कमी झालं हा प्रश्न मला रोज येतो. थोडं झालं. पण माझा जिना चढतानाचा धाप लागण्याचा त्रास गेला आणि झोप लागते, हे मला वजनापेक्षा मोठं आहे. डब्ल्यूएचओ सांगतं की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, शिवाय दोन दिवस स्नायूंचा. ग्रुपचे चार दिवस धरले तर तेवढं आरामात होतं, म्हणजे जिमची फी भरल्याशिवाय तब्येत होत नाही हे जे आपल्याकडे बसलंय ते खरं नाही.

चिपळूण, अलिबाग, मालवणच्या लोकांना हा ग्रुप उपयोगाचा नाही हे मान्य, पण शोधायची रीत तीच. आणि गेल्यावर एकच गोष्ट बघा, घोळक्यात सगळ्यात मागे जो आहे त्याच्याबरोबर कुणी आहे का. असेल तर बिनधास्त जा. नसेल तर ती पोरं कितीही फास्ट असू देत, नवीन माणसाने आठवडाभरात यायचं सोडलेलं असतं.

यायचं असेल तर पहिल्यांदा रविवारी येऊ नका, सोमवारी किंवा बुधवारी या, सरांशी बोलणं होतं. साधे शूज चालतात, पण रबर झिजलेले नकोत. पाण्याची बाटली आणि छोटा टॉवेल आणा. बीपीची किंवा हार्टची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या आणि सरांना सांगा. मंगळवार, गुरुवार, शनिवार कुणी नसतं, उगाच हेलपाटा होईल.