‘आय सेव्हन’ म्हणून काय गळ्यात मारतात ते पाहा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवलेला कॉम्प्युटर घ्यायला निघाला असाल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. लालबागच्या माझ्या ताईचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला, म्हणून भावोजींनी तिथल्या एका दुकानातून २८ हजारांना मशीन घेतलं. थोडे यूपीआयने, बाकी रोख. काउंटरवर एक मशीन झरझर चालवून दाखवलं: इंटेलचा आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), विंडोज ११. ‘सेम टु सेम घरी पाठवतो’ म्हणाले. पक्कं बिल मागितलं तर ‘अठरा टक्के वर पडतील’, म्हणून हातात कच्ची चिठ्ठी ठेवली.

घरी आलेलं मशीन सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचं की पोरगा वैतागला. मी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि परफॉर्मन्समध्ये पाहिलं. प्रोसेसर आय सेव्हन-२६००. म्हणजे दुसरी पिढी, २०११ साली बाजारात आलेला. विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते; इथे ती तपासणी चुकवून विंडोज घातलेलं. रॅम ८ जीबी, रॅमच्या पट्ट्यांसाठीच्या दोनपैकी एकच स्लॉट भरलेला. आणि एसएसडीच्या जागी चक्क जुनी हार्ड डिस्क.

नुसतं ‘आय सेव्हन’ ऐकून काहीच कळत नाही, पुढचा आकडा विचारा. १२७०० असेल तर बारावी पिढी, २६०० असेल तर दुसरी. २०२२ च्या आय थ्री-१२१०० मध्येही या आय सेव्हनसारखे चारच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आहेत, तरी तो त्याला सहज मागे टाकतो.

आणि प्रोसेसर चांगला असला तरी तो एकटा काही करत नाही. प्रोग्राम असतो डिस्कवर, तिथून तो रॅममध्ये येतो आणि प्रोसेसर रॅममधून उचलून काम करतो. आचारी कितीही तरबेज असो, कोठीतून शिधा येईपर्यंत त्याचे हात रिकामेच. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला सुमारे १० मिलिसेकंद जातात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळही पुरतो. त्यात रॅम अपुरी पडली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवरच नेऊन ठेवतं, म्हणजे सगळ्यात संथ भागावर सगळ्यात जास्त ओझं. दोन सारख्या पट्ट्या असत्या तर रॅमकडून माहिती दुप्पट रुंद वाटेने आली असती. पोराचं मशीन या प्रत्येक ठिकाणी अडत होतं.

बाजूचं झाकण काढल्यावर मला खरा राग आला तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी, बघून. पेटीवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गुणाकार करा, १९२ वॅट होतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचा मुख्य भार याच १२ व्होल्टवर असतो. उद्या पोराने चांगलं ग्राफिक्स कार्ड बसवलं असतं तर मशीन धडाधड बंद पडलं असतं, कदाचित मदरबोर्डही गेला असता. हा तक्ता दुकानातच वाचा.

दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला, ‘आय सेवन बोला था, आय सेवन दिया.’ रॅमबद्दल विचारलं तर सरळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. कच्ची चिठ्ठी, यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेलं कोटेशन आणि टास्क मॅनेजरचे फोटो जोडले आहेत. कोटेशनमध्ये ‘१६ जीबी’ आणि ‘एसएसडी’ स्पष्ट लिहिलंय, तोच आमचा मोठा आधार. तुम्ही घ्याल तेव्हा प्रोसेसर, रॅम, डिस्क, मदरबोर्ड, एसएमपीएस यांचे पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या आणि जे मशीन घरी न्यायचं तेच समोर उघडून, चालवून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर शेजारचं दुकान गाठा, त्या रस्त्यावर दुकानांना तोटा नाही.