हार्मोनियम शिकवणीचा पेनड्राइव्ह: धडे उत्तम, कुलपाचा मात्र ताप

डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पेटीवर बसायची माझी जुनी हौस. वेंगुर्ल्यात शिकवायला कोणी नेमाने मिळेना, म्हणून मे महिन्यात 4,200 रुपये भरून हार्मोनियमच्या धड्यांचा पेनड्राइव्ह मागवला. धडे खरंच उत्तम आहेत. कॅमेरा थेट शिकवणाऱ्या बुवांच्या बोटांवर. काळी चार या पट्टीत गजर (भजनातलं नामघोषाचं पद) चढत जातो तिथे अंगठा बोटांखालून कसा सरकतो, तो एक तुकडा मी वीसेक वेळा तरी पाहिला असेन.

ताप कुलपाचा. सगळ्या फायली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे सांकेतिक चावीशिवाय न उघडणाऱ्या, आणि परवाना एकाच लॅपटॉपला बांधलेला. आमचं घर किनाऱ्याला लागून. खाऱ्या हवेत मदरबोर्ड गंजला आणि जुलैत लॅपटॉप गेला. नव्यावर पेनड्राइव्ह उघडेना. चार मेल, सहा फोन केले. उत्तर आलं, नवा परवाना विकत घ्या.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळात पखवाज वाजवणाऱ्या पोराने तेच धडे मला मोबाईलवर दाखवले. कोणीतरी स्क्रीनसमोर मोबाईल धरून केलेलं चित्रण. काचेत फिरता पंखासुद्धा दिसतो. फुकट!

बँकेच्या व्यवहारात एन्क्रिप्शन टिकतं, कारण चोराकडे चावी नसते. इथे लपवायचं गिऱ्हाइकापासूनच, आणि दाखवायचंही त्यालाच; म्हणजे चावी त्याच्या यंत्रात ठेवावीच लागते. डीव्हीडीचं कुलूप 1999 मध्ये असंच फुटलं. चावी अवघी 40 बिटांची, म्हणजे फारच छोटी, त्यात एका प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये ती नीट झाकलेलीही नव्हती. चावी मोठी केली तरी चित्र शेवटी पडद्यावर उघडंच येतं. आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 65अ आलं. हक्क बुडवण्याच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पण पंख्याखाली मोबाईल धरून बसलेल्याला शोधणार कोण?

ते फुकटचे धडे मी घेतले नाहीत. बुवांच्या मेहनतीचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. व्हिडिओवर खरेदीदाराचं नाव फिकट उमटवा, म्हणजे फुटलं कुठून ते कळेल. आणि यंत्र बिघडलं तर परवाना बदलून द्या, एवढंच मागणं आहे.

धड्यांना पाच तारे, परवान्याच्या कारभाराला एक. घेणार असाल तर लॅपटॉप बदलल्यावर परवाना बदलून मिळेल असं पैसे भरण्याआधी मेलवर लेखी घ्या.