ड्रॅगन क्वेस्ट आठ: मेटल स्लाइमच्या शिकारीला तलवार की भाला?

ड्रॅगन क्वेस्ट आठ या व्हिडिओ गेममध्ये हिरोची लेव्हल वाढली, नवी कौशल्यं शिकवणारे स्किल पॉइंट हातात पडले, आता टाकायचे कशात? बूमरँग, मुठी आणि करेज (धाडस) हे पर्याय आज बाजूला ठेवू. चुरस तलवार आणि भाल्यातच आहे, आणि माझ्यापुरता तिचा निकाल मेटल स्लाइम या धातूच्या, पळपुट्या शत्रूपाशी लागला. या भागात एकदा टाकलेले पॉइंट परत काढता येत नाहीत (मालिकेच्या अकराव्या भागात खेळातले पैसे मोजून काढता येतात), म्हणून सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

तलवारीची बाजू भक्कम आहे, ते आधीच मान्य करतो. ड्रॅगन स्लॅश, फाल्कन स्लॅश, मारता मारता जखमा भरून काढणारा मिरॅकल स्लॅश आणि पुढे गिगास्लॅश. बॉसच्या लांबलेल्या लढाईत तलवार फार आधार देते. वस्तू मिसळून नवी वस्तू बनवणाऱ्या अल्केमी पॉटमध्ये गंजकी तलवार, स्लाइमचा मुकुट आणि ओरिकॅल्कम घालून लिक्विड मेटल तलवार बनवण्याचा आनंदही वेगळाच. नुसती कथा पूर्ण करायची असेल तर तलवार घ्या, काही बिघडत नाही.

पण या खेळात लेव्हल वाढवायची म्हणजे मेटल स्लाइम मारायचे, कारण लेव्हल वाढवणारा एक्सपीरियन्स त्यांच्याकडून भरपूर मिळतो. 1986च्या पहिल्या खेळापासून ते असेच आहेत: जीव अगदी थोडा, बचाव अफाट, मंत्र जवळपास निष्प्रभ, आणि संधी मिळताच पळ. मालिकेचे जनक युजी होरी यांच्या स्लाइमच्या ओबडधोबड गोळ्याला चित्रकार अकिरा तोरियामांनी थेंबाचा आकार आणि हसरा चेहरा दिला. तोच चेहरा या धातूच्या भावंडांनाही मिळाला आहे, आणि पळतानाही तो तसाच हसत असतो.

तलवारीकडे त्यांच्यासाठी मेटल स्लॅश आहे. वार बहुतेक लागतो, पण नुकसान एक, फार तर दोन. साध्या मेटल स्लाइमला तेवढं पुरतं. त्याचा जास्त चिवट भाऊ लिक्विड मेटल समोर आला की मात्र पंचाईत होते. हिरोच्या साथीदारांपैकी यँगसने शिट्टी वाजवून शत्रू बोलावला, तो चंदेरी थारोळं होऊन समोर पसरला, हिरोचा मेटल स्लॅश बसला, जेसिकाचा चाबूक दोनदा फिरला, अँजेलोनेही एक टोचा मारला. जीव एकदोनावर आलेला. आणि त्याची पाळी आली की तो निघून जातो, सोबत 10,050 एक्सपीरियन्सही. हा प्रकार माझ्याबाबतीत इतका वरचेवर घडायचा की मला तलवारीचा वीट आला. पूर्ण हुकलेला वार मी सहन करू शकतो, पण सगळ्यांनी नीट मारूनही हाती काहीच न लागणं मला सोसत नाही.

भाल्याचा थंडर थ्रस्ट याच्या अगदी उलट. एक तर वार हुकतो, नाहीतर क्रिटिकल बसतो, आणि क्रिटिकलपुढे बचाव किती आहे याला अर्थच उरत नाही. लिक्विड मेटल एका फटक्यात संपतो. आकडेवारी मी मांडलेली नाही, पण माझ्या अनुभवात साधारण निम्मे वार लागतात. यँगसच्या कुऱ्हाडीतला हॅचेट मॅन हा वारही याच जातीचा. दोघांनी एकाच फेरीत प्रयत्न केला की निदान एकाचा तरी बसेल अशी आशा धरता येते. स्लाइम आधीच पळाला तर इलाज नाही, तिथे तलवारही काही करू शकत नाही. पण तो एक फेरी जरी थांबला, तरी त्या फेरीत त्याला संपवण्याची खरी संधी असते. शिवाय थंडर थ्रस्ट भाल्याच्या रकान्यात बराच लवकर मिळतो, त्यासाठी अर्धा खेळ वाट पाहावी लागत नाही.

भाल्याचे तोटे आहेतच. बॉसवर थंडर थ्रस्ट चालवावासा वाटत नाही, कारण अटीतटीच्या वेळी हुकलेला वार महागात पडतो. मिरॅकल स्लॅशसारखी सोय इथे नाही. मर्क्युरियल थ्रस्ट सगळ्यांच्या आधी लागतो, पण त्याची धार थोडी कमी. शेवटी मिळणारा लाइटनिंग स्टॉर्म सगळ्या शत्रूंवर कोसळतो आणि बरीच भरपाई करतो, फक्त तिथवर धीर धरावा लागतो.

कुणी तलवारच घेतली तर मी वाद घालणार नाही. विचारलंच, तर सुरुवातीचे पॉइंट थंडर थ्रस्ट मिळेपर्यंत भाल्यात टाका असं सांगेन. पुढे करेज वाढवायचं की भालाच, ते शिकार कशी होते ते पाहून ठरवा. आणि तलवारीत पॉइंट आधीच गेले असतील तर जुन्या सेव्हकडे परतू नका. यँगसला कुऱ्हाड द्या, हॅचेट मॅन शिकवा आणि मेटल स्लाइमच्या लढाईत हिरोला मेटल स्लॅशवर ठेवून मुख्य वार यँगसला करू द्या.