क्राऊन आणि ट्रान्स्फर केसचं ऑइल: सर्व्हिस सेंटर, ओळखीचं गॅरेज की स्वतः?

इंजिन ऑइलची आठवण सगळे करून देतात. काचेवर स्टिकर असतो, डॅशबोर्डवर दिवा असतो. फोर बाय फोर पिकअपच्या पुढच्या-मागच्या डिफरन्शियलला (अॅक्सलमधला गोळा, जो ताकद डाव्या-उजव्या चाकांत वाटतो; गॅरेजच्या भाषेत क्राऊन) आणि मधल्या ट्रान्स्फर केसला (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) असा दिवा नाही. तिथलं ऑइल मुकाट्याने खराब होतं आणि आवाज कानावर येईपर्यंत डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरचे दात खाल्लेले असतात. माझी पिकअप मुलुंडला सोसायटीत उभी असते आणि दर पंधरा दिवसांनी शहापूरच्या पुढे शेतावर जाते. ही तिन्ही ऑइलं मी सर्व्हिस सेंटरला बदलून घेतली आहेत, गॅरेजात घेतली आहेत आणि स्वतःही बदलली आहेत. गाडी व्ही-क्रॉस असो, हायलक्स असो की जुनी झेनॉन, कुठे बदलायचं हा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडतो.

मुंबईत या ऑइलचा खरा वैरी पाणी आहे. गाडी तासभर पळाली की डिफरन्शियलचं हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, चांगलंच तापतं. तशी तापलेली गाडी गांधी मार्केटसमोर किंवा अंधेरी सबवेच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात शिरली की हाऊसिंग एकदम गार पडतं, आतली हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढते. ब्रीदर, म्हणजे हाऊसिंगला हवा घ्यायला-सोडायला ठेवलेलं छोटं तोंड, पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी जातं. तो चिखलाने तुंबला असेल तर सीलच्या कडेने जातं. एकदा पाणी मिसळलं की ऑइलचा थर दातांवर टिकत नाही आणि बेअरिंगला गंज धरतो. पुस्तिकेत ४० हजार किलोमीटर लिहिलेले असोत, अशा एका संध्याकाळनंतर तो आकडा धरून बसण्यात अर्थ नाही.

म्हणून मी तिन्ही ठिकाणं एकाच गोष्टीवर तोलतो: उतरवलेलं जुनं ऑइल मला माझ्या डोळ्यांनी बघायला मिळतं का? ते काळं-तपकिरी असेल आणि ड्रेन नटच्या चुंबकावर काजळात तूप कालवल्यासारखा मऊ राखाडी लेप असेल, तर ती रोजची झीज आहे, पुसून टाकायची. बोटाला टोचणारा कण किंवा धातूचा कपचा निघाला तर आत काहीतरी तुटतंय. आणि रंग दुधाळ असेल तर पाणी गेलंय. दोन पावसाळ्यांपूर्वी भांडुपच्या माझ्या मेकॅनिक काकांनी मागच्या डिफरन्शियलचा नट काढला, धारेखाली बोट धरलं आणि म्हणाले, "हे बघा साहेब, चहा झालाय." खरोखर दूध जास्त झालेल्या चहाचा रंग होता. ब्रीदरची टोपी चिखलाने घट्ट बसली होती. त्या एका नजरेने पुढचा बेअरिंगचा खर्च वाचला.

या कसोटीवर कंपनीचं सर्व्हिस सेंटर मागे पडतं. बहुतेक ठिकाणी तुम्ही काचेच्या पलीकडे बसता आणि हातात थेट बिल येतं. एकदा मी तिन्ही ऑइलं सांगून गाडी दिली होती; घरी येऊन बिल वाचलं तर फक्त मागचं डिफरन्शियल. पुढचं आणि ट्रान्स्फर केस "तपासलं" होतं. तरीही गाडी वॉरंटीत असेल तर मी दुसरीकडे जा असं म्हणणार नाही. हायलक्सला ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर वॉरंटी आहे. तेवढ्या काळात कुठलं ऑइल कधी भरलं याची नोंद कंपनीकडे असणं तुमच्याच हिताचं आहे. जॉब कार्डवर तिन्ही नावं वेगवेगळी लिहून घ्या आणि जुनं ऑइल दाखवा असं आधीच सांगून ठेवा. आग्रह धरला की दाखवतात.

ट्रान्स्फर केससाठी सर्व्हिस सेंटरचा एक मोठा फायदा आहे. तिथे चुकीचं ऑइल पडण्याची भीती कमी. काही ट्रान्स्फर केस गियर ऑइलवर चालतात, काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल एटीएफ लागतं. "गियर ऑइलच ना, टाका" म्हणत पातळ ऑइलच्या जागी जाड ऑइल भरणारे हात मी पाहिले आहेत. मॉडेल आणि वर्ष यांनुसार हे बदलतं, त्यामुळे स्वतःच्या पुस्तिकेतलं पान फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

ओळखीचं गॅरेज हा माझा पहिला पर्याय आहे, पण "ओळखीचं" यावर जोर देऊन. खड्डा किंवा लिफ्ट आहे, म्हणजे गाडी समपातळीत राहते, आणि समोर उभं राहता येतं. मजुरी कमी पडते. ऑइल मी स्वतः सीलबंद डबे नेतो. अनोळखी ठिकाणी काय होतं तेही सांगतो. एका रविवारी घाई होती म्हणून रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. पोराने आधी खालचा ड्रेन नट काढला, सगळं ऑइल ट्रेमध्ये. मग वरचा भरायचा नट हलेना. अॅलन की फिरवून फिरवून त्याचं भोक गोल झालं. डिफरन्शियल रिकामं, गाडी जागची हलवता येत नाही. दोन दिवसांनी त्या नटवर दुसरा नट वेल्ड करून तो सोडवला. तेव्हापासून कोणीही हात लावला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: वरचा नट आधी सोडवून दाखवा.

स्वतः करणं वाटतं तेवढं अवघड नाही. पिकअप उंच असते, जॅक न लावता खाली सरपटता येतं. सामान म्हणजे योग्य मापाचा पाना किंवा अॅलन सॉकेट, टॉर्क पाना, हातपंप, नळी, मोठा ट्रे आणि नवे वायसर. हे सगळं नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत मिळतं. गाडी पंधरा मिनिटं फिरवून आणा, सपाट जागी लावा, चाकांना दगड द्या. वरचा नट, मग खालचा. भरताना वरच्या भोकातून ऑइल बारीक ओघळू लागलं की थांबा, हीच पातळी. अडचण जागेची आहे. अनेक सोसायट्या आवारात असं काम करू देत नाहीत, आणि पोडियमच्या उतारावर पातळी चुकते. पहिल्या खेपेला मेकॅनिकशेजारी उभं राहून शिका. पावसाळ्यात मधूनमधून वरचा नट काढून बोट बुडवून रंग बघणं मात्र प्रत्येकाने घरीच करावं, त्याला दहा मिनिटं लागतात.

आता कुठलं ऑइल. डिफरन्शियलचे हायपॉइड (तिरपे, वळणदार) दात एकमेकांवर घसरत चालतात, म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसची रसायनं मिसळलेलं जीएल-५ दर्जाचं गियर ऑइल लागतं. तेच बिनधास्त गिअरबॉक्समध्ये टाकू नका. जुन्या गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रोनायझरला (गिअर अलगद बसवणाऱ्या कड्यांना) ते बाधू शकतं. मागे लिमिटेड स्लिप (एकच चाक नुसतं गरगरू न देणारं डिफरन्शियल) असेल तर त्याला फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण जुळवणारं रसायन, असलेलं ऑइल लागतं. आणि डब्यावरचा "डब्ल्यू" हा थंडीचा आकडा आहे: ७५डब्ल्यू उणे ४० अंशांना, ८०डब्ल्यू उणे २६ ला मोजतात. मुंबईला आणि कसाऱ्याच्या घाटाला त्यातलं काहीच लागू नाही. सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० तापल्यावर जास्त टिकतं, त्यामुळे रोज घाटात भरलेली गाडी नेणाऱ्याने घ्यावं. पण पाणी गेलं की महागडं सिंथेटिकही तितकंच दुधाळ होतं. कंपनीने ८०डब्ल्यू-९० मान्य केलं असेल, तर मी तेच घेतो आणि दर वर्षी दसऱ्याच्या आसपास बदलतो. वाचलेल्या पैशात ब्रीदरला लांब नळी लावून तिचं तोंड इंजिनच्या वरपर्यंत नेऊन ठेवलंय. ट्रान्स्फर केसमध्ये मात्र पुस्तिकेतलंच, पर्याय शोधायचा नाही.

जुनं ऑइल डब्यात भरून काकांकडे देतो, ते पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला जातं. गटारात ओतायचं नाही. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे आणि आपलं गटार शेवटी खाडीलाच मिळतं. दोन दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा खाली वाका आणि सहाही नटांभोवती बोट फिरवा. कोरडं असेल तर काम झालं. ओलसर असेल तर वायसर बदला. नट जोरात आवळू नका, अॅल्युमिनियमच्या हाऊसिंगचे आटे गेले तर मग खरा खर्च आहे.