विंडोज की लिनक्स: हजारो छोट्या फाइलींचं काम कुठे लवकर उरकतं?

एकाच लॅपटॉपवर दोन्ही टाकलं, तरी एफएफएमपेगने व्हिडिओ रूपांतरित करायला जवळपास सारखाच वेळ लागतो. तिथे सगळा भार प्रोसेसरवर. खरा फरक दिसतो गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) आणि एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजेस उतरवणारं साधन). एनपीएम ही पॅकेजेस ज्या नोड मॉड्यूल्स फोल्डरात ठेवतं, त्यात हजारो चिमुकल्या फाइली असतात. विंडोजवर फाइल उघडली की डिफेंडर हा विंडोजचा अँटिव्हायरस ती तपासायला घेतो, शिवाय नवी प्रोसेस सुरू करणंही तिथे महाग पडतं. लिनक्सवर हे ओझं नसल्याने तेच काम झपाट्याने होतं.

विंडोज सोडायचं नसेल, तर विंडोज ११मध्ये किमान ५० जीबीची डेव्ह ड्राइव्ह, म्हणजे कोडच्या कामासाठीची वेगळी ड्राइव्ह, करा. तिथे डिफेंडर फाइल आधी उघडू देतो, तपासणी मागाहून करतो. डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, असेल, तर प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरातच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात, की प्रत्येक फाइलीला दोन सिस्टिममधला उंबरठा ओलांडावा लागतो आणि काय बदललं ते दाखवणारी साधी गिट स्टेटस आज्ञाही रेंगाळते. ही चूक फार जण करतात, आणि दोष मात्र लिनक्सला देतात.

मोजताना दोन्हीकडे चार्जर लावलेला हवा, पॉवर मोड सारखा हवा. पहिली फेरी वेगळी नोंदवा. दुसरीपासून बऱ्याच फाइली रॅममधूनच मिळतात.