डॉजर स्टेडियम, वरचा मजला आणि बाबांची पहिली बेसबॉल मॅच

25 ऑक्टोबर 2024 ला आम्ही लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर होतो. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलची, पहिली मॅच: लॉस एंजेलिस डॉजर्स, समोर न्यू यॉर्क यांकीज. हे दोघे फायनलला 1981 नंतर पहिल्यांदाच भिडत होते. बाबा दिवाळीसाठी सांगलीहून आले होते आणि बेसबॉलमधलं त्यांना काहीही माहीत नव्हतं.

तिकिटं एका रीसेल साइटवरून घेतली. दोन तिकिटांच्या पैशात एक जण भारतात जाऊन आला असता. एवढे मोजूनही मॅचच्या दुपारपर्यंत तिकिटं फोनवर आलीच नव्हती. हेल्पलाइनवर चाळीस मिनिटं ताटकळले तेव्हा कुठे आली. त्या साइटवर मी परत जाणार नाही.

गाडी मात्र नेऊ नका. युनियन स्टेशनवरून स्टेडियमची बस सुटते, मॅचचं तिकीट दाखवलं की फुकट. वरच्या मजल्याची तिकिटं असतील तर टॉप डेकच्या स्टॉपवर उतरा. स्टेडियम टेकडीच्या उतारावर बांधलंय, त्यामुळे तिथून थेट वरच्या मजल्यावरच शिरता येतं. बाबांच्या गुडघ्यांना हे फार सोयीचं पडलं. आत रोख चालत नाही, कार्ड लागतं. गार्लिक फ्राइज घ्याच, लसूण अगदी सढळ हातानं घालतात.

1962 चं हे मैदान, पण वरून दिसतं किती देखणं! समोर षटकोनी स्क्रीन, त्यामागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर, सहाच्या सुमारास जांभळे होत जाणारे. तीनच दिवसांपूर्वी डॉजर्सचे जुने मेक्सिकन पिचर (बॉल टाकणारे) फर्नांडो वालेन्झुएला गेले होते. डॉजर्सच्या खेळाडूंच्या बाहीवर त्यांचा 34 नंबर होता. शेजारच्या मेक्सिकन आजींच्या अंगातही 34 चीच जर्सी, धुऊन धुऊन विटलेली. त्यांनी बाबांपुढे शेंगांची पुडी धरली. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती, पण दोघं शेंगा फोडत बसले.

सहाव्या इनिंगला स्टँटननं होमरन मारून, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर टोलवून, यांकीजना 2-1 असं पुढे नेलं. आठव्यात डॉजर्सच्या ओहतानीचा फटका भिंतीवर आदळला, थ्रो सांभाळताना यांकीज चुकले, तो तिसऱ्या बेसवर पोचला आणि बेट्सचा उंच फटका झेलला गेला तरी त्यावर ओहतानी धावत आला आणि बरोबरी झाली. नऊ इनिंगनंतरही बरोबरीच, म्हणून जादा इनिंग; दहाव्यात यांकीज पुन्हा 3-2 नं पुढे. पुढच्या रांगेतलं एक जोडपं जॅकेट घालून निघालं. मी बाबांना विचारलं, "दमलात का? निघायचं?" ते म्हणाले, "अगं, अजून आऊट कुठे झालेत सगळे?"

मग डॉजर्सची पाळी: दोघे बेसवर, एक आऊट, बॅटिंगला ओहतानी. यांकीजनी बॉल टाकायला नेस्टर कोर्टेसला आणलं. दुखापतीमुळे तो महिन्याहून जास्त खेळला नव्हता. पहिल्याच बॉलवर ओहतानीचा फटका उंच उडाला, वर्दुगोनं तो धावत जाऊन पकडला आणि तोल जाऊन प्रेक्षकांत कोसळला. दोन आऊट, तिसऱ्याला मॅच संपणार. मग बेट्सला मुद्दाम पहिला बेस देऊन टाकला, कारण पुढचा फ्रीमन डावखुरा आणि कोर्टेसही डावखुरा; डावखुऱ्या पिचरपुढे डावखुऱ्या बॅटरला जड जातं म्हणतात. मी हे समजावून सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मग फ्रीमन काय कच्चा आहे होय?"

फ्रीमनचा घोटा मुरगळलेला होता. पहिलाच बॉल. आवाज आला आणि आजींनी बाबांचं मनगट घट्ट धरलं. बॉल उजवीकडच्या स्टँडमध्ये पडायच्या आधीच फ्रीमननं बॅट वर धरली होती. 6-3! तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला होमरन म्हणजे ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार रन; वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात मॅच संपवणारा ग्रँड स्लॅम याआधी कधीच झाला नव्हता. 1988 मध्ये याच मैदानावर, अशाच पहिल्या मॅचला, डॉजर्सच्याच दुखऱ्या पायांच्या कर्क गिब्सननं होमरन मारून मॅच फिरवली होती. आजी रडत रडत "गिब्सन, गिब्सन" म्हणत होत्या. खाली फ्रीमन जाळीपलीकडच्या आपल्या वडिलांकडे धावत गेला. कोण ते, हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

पैसे वसूल झाले का? माझे झाले. एरवी साध्या मॅचला जा, तिकीट कितीतरी स्वस्त मिळतं आणि डोंगर तेच दिसतात. फक्त शेवटचा आऊट होईपर्यंत उठू नका.

परतीच्या बसमध्ये बाबांनी काकांना फोन लावला. सांगलीत तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. "अरे, दोन पाहिजे होते," ते ओरडून सांगत होते, "गड्यानं एका बॉलवर चार काढले!"